चार दिवसांचं दूध

वहिदाचं डोकं सकाळी नऊ वाजता तापायला लागायचं आणि दुपारी जेवायला दुकान बंद करेपर्यंत त्यावर भाकरी भाजता आली असती. निलंग्याच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीतलं ‘रसूल मेडिकल’ हे तिच्या सासऱ्यांचं, गुलाम रसूल यांचं दुकान. पाटीवर नाव त्यांचं, गल्ला त्यांचा, पंख्याखालची खुर्चीही त्यांचीच. पण भिंतीवर काचेत लावलेल्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव होतं वहिदाचं. म्हणजे काही चुकलं तर उत्तर द्यायला ती, आणि चुका करायला बाकीचे सगळे.

माणसांच्या औषधांचं एक वेळ निभतं. माणूस निदान कुठं दुखतंय ते तरी सांगतो. जनावरांच्या औषधांनी मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. तालुक्यात जवळपास घरटी एक देवणी गाय, नाही तर बैलजोडी. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर बसतो, मागितली तर चिठ्ठीही लिहून देतो. पण ती मागून आणायची म्हणजे लोकांना जिवावर येई. कुणी रिकामी बाटली रुमालात बांधून आणी आणि म्हणे, असलीच द्या. कुणी तीही न आणता दोन बोटांनी हवेत बाटलीची उंची दाखवी. एका बहाद्दरानं तर मागच्या वर्षीच्या इंजेक्शनचं नुसतं रबरी बूच जपून ठेवलं होतं आणि तो त्याच रंगाच्या बुचाची बाटली मागत होता. पान्हा सोडायचं इंजेक्शन तर लोक चहापत्ती मागावी तसं मागत. वहिदानं नाही म्हटलं की सगळे गुलाम रसूल यांच्याकडे बघत आणि ते गालातल्या गालात हसत. देऊन टाक बेटा, गाय काय कोर्टात जाणार आहे का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लस ठेवायला म्हणून घेतलेल्या फ्रिजमध्ये सासरे लिंबाच्या सरबताची बाटली ठेवत. ती आठवड्यातून दोनदा बाटली बाहेर काढी, ते तीनदा आत ठेवत. दुपारी वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, हे तिनं त्यांना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. आत थंड आहे का ते बघायला म्हणून ते हमखास उघडत.

तरी एका गोष्टीत तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. भांडून, अबोला धरून, तिनं दुकानात एक वेगळं लोखंडी कपाट आणवलं होतं. हिरव्या रंगाचं, वर लाल अक्षरांत ‘जनावरांची औषधं’. त्याची किल्ली ती गळ्यातल्या दोऱ्यात ठेवी. चिठ्ठी असेल तरच किल्ली फिरे, आणि फिरली की वहीत नोंद होई: कुणाची गाय, काय झालं, कोणत्या डॉक्टरांनी लिहिलं.

हे कपाट उगाच आलं नव्हतं. भूकंपाच्या वर्षी तिची लायबा चार वर्षांची होती. घराची मागची भिंत गेली, म्हणून घरचे सगळे महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मदतीच्या गाड्या यायच्या, त्यातून कपडे यायचे, बिस्किटं यायची, औषधांचे खोके यायचे. माणसांचे खोके, जनावरांचे खोके, सगळे एकाच पत्र्याखाली एकावर एक. लायबाला ताप भरला, तेव्हा शेडमधल्या कुणा कंपाउंडरनं हाताशी आलेल्या खोक्यातून पेनिसिलिनची बाटली उचलली आणि पोरीला सुई दिली. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. एक लष्करी डॉक्टर नेमके शेजारच्या तंबूत होते म्हणून पोर वाचली. बाटलीवर गायीचं चित्र होतं, हे वहिदानं नंतर पाहिलं. डॉक्टर म्हणाले की बाटली गायीची असो नाही तर माणसाची, या मुलीला जन्मात पेनिसिलिन चालायचं नाही. पुढच्या वेळी झालं तर मी शेजारी असेनच असं नाही, असंही म्हणाले.

नांदेडहून डी. फार्म. करून लग्नानंतर घरी बसलेली वहिदा त्यानंतर काउंटरवर आली ती कायमची. लायबाच्या कंपासपेटीत पहिलीपासून एक पुठ्ठ्याचं कार्ड असे, आईच्या अक्षरातलं: ‘हिला पेनिसिलिन चालत नाही.’ कार्ड मळलं की नवं. एरवी पोरीला काही रोग नव्हता. फक्त गेल्या चार-पाच वर्षांत अधूनमधून अंगावर पित्त उठायचं, त्यासाठी वहिदानं आधी वांगी बंद केली, मग अंडी, मग आंबे.

आता ती पोर सोळाची झाली होती आणि बारावीला लातूरला होती. तेव्हा अख्ख्या मराठवाड्यानं आपली पोरं लातूरलाच लोटली होती. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, आणि घरमालकांनी गोठे पाडून खोल्या काढलेल्या. अशाच एका खोलीत, उमादेवी नावाच्या घरमालकिणीच्या धाकात, लायबा आणि तिची मैत्रीण आरती राहत. लायबाला डॉक्टर व्हायचं होतं. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि वहिदाचा अर्धा जीव कायम तिकडेच असे.

आरती ही शेजारच्या खेड्यातल्या अण्णारावांची नात. या अण्णारावांवर वहिदाचा भारी लोभ होता. कपाटाचे नियम अख्ख्या तालुक्यात मनापासून पाळणारा माणूस एकच, तो म्हणजे अण्णाराव. चिठ्ठी टोपीत घडी करून आणत. लस न्यायची असली तर स्वतःचा थर्मास, त्यात बर्फ. वापरलेल्या सुया शेतात न टाकता डब्यात भरून परत. त्यांचं उदाहरण देऊन देऊन तिनं बाकीच्या गिऱ्हाइकांना वात आणला होता. गुलाम रसूल तर त्यांना तुझा पट्टशिष्य म्हणत.

आणि शिष्य सर्वांत कडक पाळत तो शिक्का. त्याचं असं झालं होतं की पाच वर्षांपूर्वी दूध संकलन केंद्राचा माणूस दुकानात येऊन गरजला होता. तुम्ही सुया विकता, लोक गायींना टोचतात आणि तेच दूध आमच्याकडे घालतात, त्याचं दही लागत नाही, टाकीच्या टाकी परत येते. वहिदाला ते पटलं होतं. सुई दिल्यावर औषध काही दिवस दुधात उतरतं हे ती पुस्तकात शिकलेलीच होती. तिनं लगोलग रबरी शिक्का करून घेतला: ‘शेवटच्या सुईपासून चार दिवस दूध डेअरीला घालू नये.’ कपाटातून निघणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या पुडक्यावर तो उमटायचा. आणि आश्चर्य म्हणजे लोक तो पाळायचे. केंद्राचा माणूस वर्षभरानं पेढे घेऊन आला. आपण या गावाला एक तरी गोष्ट शिकवली, याचा वहिदाला फार अभिमान होता.

त्या मंगळवारी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. घरून निघतानाच सासऱ्यांनी दह्यावरून कटकट केली होती. परवाच्या दुधाचं दही अजून लागलेलं नाही, या घरात विरजणाची काळजी कुणी घेत नाही, वगैरे. थंडीनं होतं तसं, असं म्हणून तिनं विषय तोडला होता. दुकानात आल्यावर फ्रिजमध्ये सरबत. मग एक जण रिकामी बाटली घेऊन उभा, चिठ्ठी घरी राहिली म्हणे. घरी राहिली तर घरून आणा, असं ती त्याला तिसऱ्यांदा सांगत होती, तेवढ्यात अण्णाराव पायरी चढून आले आणि तिला जरा बरं वाटलं.

त्यांच्या काळ्या तोंडाच्या वानेरी देवणी गायीच्या खुरात काटा मोडून पू झाला होता. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं होतं, तीन दिवस. शेवटची सुई शनिवारी. वहिदानं वहीत बोट ठेवून विचारलं, कशी आहे गाय?

“पाय टेकवून चालायलीय, बाई,” अण्णाराव म्हणाले. “काल तर दावं तोडून पळाली.”

“आणि दूध?”

“थेंब न्हाई घातला डेअरीला. उद्या चौथा दिस. परवापासून घालतो.”

वहिदानं रिकाम्या बाटलीवाल्याकडे असं पाहिलं की त्यानं बाटली खिशात घातली. बघा, हे असं असतं, ती म्हणाली. मग सहज, कौतुकानंच तिनं विचारलं की वानेरी दिवसाला आठ लिटर देते, मग एवढ्या दुधाचं केलं तरी काय?

“करायचं काय, आटवलं. आमच्या सिंधूनं खवा केला, पेढे वळले. सून हाताची लई गोड हाय. एक डबा पोरींना धाडला लातूरला. सकाळच्या गाडीला अमानभाईच होते, त्यांच्याच हातात दिला. परीक्षा हाय, म्हणलं, खातील दोघी.”

अमान म्हणजे वहिदाचा नवरा, निलंगा–लातूर एसटीवर कंडक्टर. सकाळी सातची गाडी त्याची. आता साडेदहा वाजले होते.

वहिदाचं वहीतलं बोट तसंच राहिलं. दूध आटतं म्हणजे पाणी जातं, औषध जात नाही. ते खव्यात राहतं, आणि घट्ट होऊन राहतं. पाच-सहा लिटर दुधाचा एक किलो खवा. तिनं हे अण्णारावांना सांगितलं. पण डेअरीला तर घातलं न्हाई बाई, असं ते दोनदा म्हणाले.

फोन लागला तो उमादेवींना. हो, तुमचे मालक नऊ वाजता येऊन डबा देऊन गेले, पोरींनी मला दोन दिले, फार सुरेख झालेत, असं त्या म्हणाल्या. लायबानं खाल्ला का, वहिदानं विचारलं. नाही, टेस्ट आहे म्हणून दोघी डबा घेऊनच क्लासला गेल्या, पेपर झाल्यावर खाऊ म्हणत होत्या. पेढ्यात गायीचं औषध आहे, हे ऐकून उमादेवी म्हणाल्या, अहो पण पेढ्यात औषध घातलं कशाला, आणि मला तर काही झालं नाही. वहिदानं कपाळावर हात मारला. तुम्हाला होणार नाही, तिला होईल, तुम्ही क्लासच्या फाटकावर जाऊन उभ्या राहा आणि डबा काढून घ्या, असं तिनं विनवलं. कुकर उतरवून जाते, असं उमादेवींनी कबूल केलं.

मग तिनं क्लासला फोन लावला. तिथल्या मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं की टेस्ट चालू असताना वर्गात निरोप दिला जात नाही. वहिदानं सांगितलं की प्रश्न जिवाचा आहे. सगळे पालक असंच सांगतात, मुलगी म्हणाली, आमचा नियम आहे. बारा वाजता पेपर सुटेल तेव्हा सांगू. आणि फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर नियम फेकणाऱ्या वहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करणार काय. परत लावला तर फोन लागेना.

तिनं हिरवं कपाट ओढून पाहिलं आणि पर्स उचलली. गुलाम रसूल उठले. तू जा, मी बसतो दुकानात, असं म्हणाले.

“नाही अब्बा. तुम्ही बसलात की लोक कुलूप तोडायला लावतील तुम्हाला. आज दुकान बंद.”

एरवी यावर दुपारपर्यंत वाद चालला असता. पण लायबाचं नाव ऐकल्यापासून त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि स्वतः शटर ओढलं.

बस अर्ध्या तासानं होती, म्हणून ती काळी-पिवळी जीपमध्ये बसली. अण्णाराव न विचारता बरोबर आले. ड्रायव्हर म्हणाला, अजून दोन सीट भरल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि बिडी शिलगावून उतरला. त्या दहा मिनिटांत वहिदाला साऱ्या दुनियेचा संताप आला. शेवटी अण्णारावच खाली उतरून त्याला म्हणाले की आम्ही दोघं चार माणसं आहोत असं समज, आणि चल. तेव्हा कुठं जीप हलली.

निलंगा-लातूर रस्त्याला खड्डे कमी नाहीत. हातातल्या पर्सचा बंद पिळत ती घड्याळ बघत होती. सव्वाअकरा. साडेअकरा. अण्णाराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते. तिनं जरा तोडूनच विचारलं, काका, यापूर्वीही तुम्ही सुया नेल्यात. पाच वर्षांत दहा-बारा वेळा तरी. दर वेळी ते चार दिवसांचं दूध कुठं गेलं?

“वाटलं की.”

“कुणाला?”

“दूध कुठं वतायचं असतं व्हय, बाई? विकायचं नसलं तर वाटायचं. आमच्यात अमावशेलाबी विकत न्हाईत, वाटतात. तसंच हे. बाईनं विकायला न्हाई म्हणलंय, तर गोरगरिबाच्या तोंडी तरी लागू द्या. साखराबाईची नातवंडं हायत बारकी, त्यांना. शाळेच्या बाईंना. मल्लिकार्जुनाची लेक बाळंत झाली तवा चारी दिस तिकडंच. गावातले समदेच वाटतात. तुमच्या शिक्क्यानं लई पुण्य झालं, असं सिंधू म्हणत असती.”

वहिदाला वाटलं, जीप थांबवावी आणि रस्त्याच्या कडेला बसून घ्यावं. पाच वर्षं. तालुकाभर शिक्का मारलेली पुडकी. या गावात कुणी कुठला नियम पाळत नाही म्हणून ती रोज रक्त आटवत होती, आणि जो एक पाळला तो असा. दूध डेअरीत गेलं असतं तर हजार घरांच्या दुधात मिसळून पातळ तरी झालं असतं. तिनं ते काढून सरळ लेकरांच्या पेल्यात घातलं होतं. आणि दूध जमिनीवर ओतायचं नाही, हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. तिच्या घरातही कधी कुणी ओतलं नव्हतं. शिक्का करताना तिच्या डोळ्यापुढं फक्त तो केंद्राचा गरजणारा माणूस होता.

“आन तुमच्या घरी की,” अण्णाराव पुढे म्हणाले. “दर बारीला दुधाची पैली कासांडी तुमच्या घरी. लायबा बारकी होती, तिला साय आवडायची. परवाच्याला बी दिलं रसूलभाईकडं.”

वहिदा त्यांच्याकडे वळली. न लागलेलं दही. वांगी, अंडी, आंबे. वर्षातून दोन-तीनदा लायबाच्या मानेवर, दंडावर उठणाऱ्या त्या लाल गांधी, आणि रात्रभर तिच्या अंगाला सोडा चोळत बसलेली ती स्वतः. तिनं पोरीची सगळी आवडीची खाणी तोडली आणि दूध तेवढं आग्रह करून पाजलं. ताकद येते म्हणून.

अण्णारावांनी तिच्या तोंडाकडे पाहून टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा मांडीवर काढून ठेवली.

लातूरला क्लासच्या फाटकावर ती पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. उमादेवी छत्री घेऊन उन्हात उभ्या होत्या. मी कुकर उतरवल्यापासून इथंच उभी आहे, अजून पोरी सुटल्या नाहीत, असं त्यांनी विजयी मुद्रेनं सांगितलं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, अहो, बारावीची बॅच मागच्या दारानं सोडतात, इथं गर्दी होते म्हणून. सुटून अर्धा तास झाला. एक मुलगी तिथंच चक्कर येऊन पडली, तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलंय.

वहिदाला त्या कोपऱ्यापर्यंत आपण कशा गेलो ते नंतरही आठवलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर आरती बसली होती, मांडीवर पेढ्यांचा डबा, हातात ते पुठ्ठ्याचं कार्ड. आजोबांना बघून ती रडायलाच लागली. लायबानं दीड पेढा खाल्ला, मग तिला खोकला आला, मग ओठ सुजले. आरतीनं कंपासपेटी उपडी केली, कार्ड उचललं आणि दोघा पोरांच्या मदतीनं तिला उचलून इथं आणलं. डॉक्टरांच्या हातात आधी कार्ड दिलं, मग बोलली.

आत लायबा खाटेवर होती. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला, हाताला सलाइन. पण छाती वर-खाली होत होती आणि शिट्टी वाजत नव्हती. वहिदानं तिच्या पायावर हात ठेवला आणि तो तिथून उचलवेना.

डॉक्टर तरुण होते आणि वैतागलेले होते. कार्ड होतं म्हणून मला लगेच कळलं, ते म्हणाले, पण ही म्हणते कुठलंही औषध घेतलं नाही. फक्त पेढा खाल्ला, तोही घरचा. घरच्या पेढ्यात पेनिसिलिन आलं कुठून?

“माझ्या दुकानातून,” वहिदा म्हणाली.

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं, शिक्क्यासकट, तो काय म्हणतो ते अक्षर न अक्षर. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात का. ती हो म्हणाली. मग ते सलाइनचे थेंब मोजायला वळले. दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सूज उतरायला लागली तेव्हा लायबानं डोळे अर्धवट उघडले. टेस्ट चांगली गेली, हे तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, “अम्मी, मला घरी पित्त उठायचं ना, अगदी तसंच सुरू झालं. मला वाटलं थांबेल.”

“माहीत आहे,” वहिदा म्हणाली. “आता आंबे खा. वांगी खा. काय पाहिजे ते खा.”

लायबाला यातलं काही कळलं नाही. ती पुन्हा झोपली. अमान ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. डबा मीच दिला, डबा मीच दिला, एवढंच तो म्हणत होता. वहिदानं त्याला बसायला खुर्ची दिली.

बुधवारी पहाटेच्या गाडीनं ती एकटी परत आली. अमान पोरीजवळ थांबला. दुकान उघडण्याआधी ती शिक्केवाल्याच्या दारात जाऊन बसली आणि समोर बसवून नवा शिक्का करून घेतला: ‘शेवटच्या सुईपासून चार दिवस दूध कुणीही पिऊ नये. कुणाला देऊ नये. ओतून टाकावं.’ तीन ओळी होतात, मोठा होतो, शिक्केवाला म्हणाला. होऊ दे मोठा, ती म्हणाली.

दुकानाशी आली तर पायरीवर अण्णाराव. समोर ॲल्युमिनियमचं कॅन, झाकण लावलेलं. लायबा कशी आहे ते त्यांनी आधी विचारलं. बरी आहे म्हटल्यावर दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग कॅनकडे बोट दाखवलं.

“रातचं आन सकाळचं हाय. चौथा दिस. सिंधूला म्हणलं वत, तिनं कॅन ठिवलं आन घरात गेली. मी उकिरड्यापतोर नेलं. दोनदा तिरपं केलं, बाई. हात वळंना. तुमी सांगितलं ते खरं हाय, माझ्या नातीनं डोळ्यानं बघितलंय. पण तुमी वता. माझ्यानं व्हत न्हाई.”

गुलाम रसूल शटर वर करता करता थांबले. वासराला पाजावं का, असं त्यांनी हळूच सुचवलं. नाही, वहिदा म्हणाली.

तिनं कॅन उचललं. आठ लिटर म्हणजे फार जड नव्हे, पण दुकानाच्या मागं शोषखड्ड्यापर्यंत जाईस्तोवर तिला दोनदा खाली ठेवावं लागलं. झाकण काढलं. वर बोटभर साय आली होती, पिवळसर, नुकत्याच काढलेल्या दुधाचा वास येत होता. असलं दूध लातूरला कुठल्याही क्लासवाल्या पोरीला दहा जन्मांतही मिळालं नसतं. तिनं कॅन तिरपं केलं आणि तिचाही हात थांबला. मागं अण्णाराव तोंड फिरवून उभे होते. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते सासरेही तोंड फिरवून उभे होते. तिला कालचा तो सुजलेला चेहरा आठवला आणि साखराबाईच्या नातवंडांचे, कधी न पाहिलेले चेहरे. तिनं ओतलं. शेवटी सायीचा गोळा धपकन पडला. मग बादलीभर पाणी वर टाकलं आणि कॅन विसळून अण्णारावांच्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

दुकानात येऊन तिनं नोंदवही काढली आणि अण्णारावांना बसवून घेतलं. मागच्या पाच वर्षांत दूध कुणाकुणाला दिलं, आठवतील तेवढी नावं सांगा. त्यांनी एकोणीस नावं सांगितली. रविवारी ती त्यांच्याबरोबर त्या एकोणीस दारांत गेली आणि पोराबाळांच्या अंगावर कधी पित्त उठलं का, दम लागला का, हे विचारून आली. लोकांनी तिला चहा पाजला. सोळा घरांनी तसं काही झालं नाही म्हणून सांगितलं. तीन नावांपुढं तिनं खूण केली आणि त्या तीन आयांना स्वतःच्या हातानं कार्डं लिहून दिली: ‘पेनिसिलिन देण्याआधी डॉक्टरला हे दाखवा.’ तिघींनीही विचारलं की मग आता ते चांगलं दूध यायचं बंद होणार का.

शिक्का मात्र लोकांनी पाळला. याही वेळी पाळला. फक्त ओतून टाकावं म्हणजे बाईनं ओतून टाकावं, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. आधी अण्णारावांच्या गावचे दोघं आले, मग पुढच्या आठवड्यात आणखी तीन. चिठ्ठी आणा म्हणून सांगून तिचा घसा बसला तरी न आणणारी माणसं सात-सात किलोमीटरवरून सायकलला कॅन अडकवून दूध ओतायला घेऊन यायची. तुमच्या हातानं झालं की आम्हाला पाप लागत न्हाई, म्हणायची. घरीच ओता, घरीच ओता, असं ती रोज सांगे. ते मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

बोर्डाचा पहिला पेपर होता त्या दिवशी तिला लातूरला जायचं होतं. आठची गाडी होती. साडेसातला ती दुकानाची किल्ली सासऱ्यांकडे द्यायला आली तर पायरीवर चार कॅन ओळीनं उभी, आणि चार माणसं भिंतीला टेकून. तिनं शिव्या दिल्या. चौघांनी खाली मान घालून ऐकून घेतल्या. गुलाम रसूल म्हणाले, गाडी चुकेल बेटा, जा, मी बघतो.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बघितलं तर दूध कुणाच्या तरी घरीच जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पर्स पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि पहिलं कॅन उचललं. आठची गाडी गेली. नऊची मिळाली.